सवत तोफ

पूर्वेच्या बुरुजावर ही जी तोफ दिसते, तिला आमच्या खैरगडावर सवत म्हणतात. ती आमची नाही, शत्रूची आहे. हात लावून बघा, पण नमस्कार करू नका. इथे कोणी करत नाही.

फार पूर्वी नबाबाच्या फौजेने गडाला वेढा घातला होता, असे सांगतात. त्यांच्याकडे एकाच मापाच्या दोन तोफा. त्यांतल्या हिने आमचा गोलंदाज राघोजी मारला. पुढे एका सकाळी दाट धुक्यात गडकऱ्यांनी छापा घातला आणि ही ओढून वर आणली. तिचा गोलंदाज पळाला, म्हणून वाचला. राघोजीची बायको चिमाऊ या तोफेपुढे येऊन म्हणाली, "माझा माणूस जिने नेला, ती माझी सवत. आता माझ्या घरात राबेल."

पण राबणार कशी? गडावर दारू होती, गोळे मात्र लहान. तिच्या तोंडात नुसते खडखडायचे. तिच्या मापाचे गोळे शत्रूकडेच. मग चिमाऊने तटामागे शेणमातीचा ढीग रचून घेतला आणि स्वतः तटावर चढून छावणीला शिव्या घालू लागली. सुरुवात नबाबाच्या आईपासून, म्हणे. खालचे चिडून दुसरी तोफ डागत. गोळा ढिगात रुतला की बायका तो उकरत आणि गडकरी सवतीत भरून परत पाठवत.

शेवटी खालच्यांना डाव कळला. त्यांची तोफ गप्प झाली आणि तट उडवायला दारूचे गाडे पायथ्याशी येऊ लागले. वर एकही गोळा उरला नव्हता. चिमाऊ पुन्हा चढली. या वेळी तिने त्या पळालेल्या गोलंदाजालाच नावाने हाक मारली आणि आपली बाई आमच्या घरात टाकून पळालास म्हणून हिणवले. त्याला ते सोसले नाही. त्याने बत्ती दिली.

तो गोळा चिमाऊला घेऊन ढिगात गेला.

कोणीतरी गोळा धुवायला पाणी आणले. तिची सासू गोदाऊ म्हणाली, "धुऊ नका. तसाच जाऊ दे."

सवतीतून सुटून तो दारूच्या गाड्यांवर पडला. दिवस मावळायच्या आत वेढा उठला.

छावणीतली काही माणसे मागे राहिली. तीच खालची तळवाडी. आजही आम्ही तिथे मुलगी देत नाही, तिथली करत नाही. चिमाऊ गेली त्या तिथीला गडाच्या बायका तटावर उभ्या राहून वाडीला शिव्या घालतात. दरवर्षी वाडीची शहाणी माणसे समेटाला वर येतात. आम्ही त्यांना पाणी देतो. समेट देत नाही.