रणगाड्याचा पोचा

एका कारागिराच्या टेबलावर अवजारं आपसांत बोलायची, त्या काळातली गोष्ट. तिथं एक चिमुकला रणगाडा नवाकोरा रंगून उभा होता. ब्रशने त्याच्यावर गंज नि चिखल रंगवला आणि तापल्या सुईने कुशीत पोचा पाडला.

"जळतात मेले माझ्यावर," रणगाड्याला संशय आला. "मला विद्रूप करायचा डाव दिसतोय."

"गिऱ्हाईकाने दिलेल्या खऱ्या रणगाड्याच्या फोटोत आहे तसंच करतोय," ब्रश म्हणाला.

"फोटोचं नुसतं निमित्त," रणगाडा धुसफुसला.

संध्याकाळी म्हातारे रिसालदार धुमाळ आपला रणगाडा न्यायला आले. चकचकीत तोफेवरून त्यांची नजर तशीच पुढे गेली. बोट मात्र पोच्यावर थांबलं.

"गोळा इथंच लागला होता," ते म्हणाले. "आत आम्ही चौघं होतो. एकालाही खरचटलं नाही."

रणगाड्याने ब्रशला हळूच विचारलं, "चिखल कमी तर नाही ना पडला?"