दारापर्यंत चालत आलेली शेरवड

अहो पाहुणे, हात आवरा! शेरवडीची फांदी तोडायची नाही. देवराईच्या गडग्यापासून, त्या दगडी कुंपणापासून, खाली आमच्या वाडीपर्यंत ही झुडपांची रांग दिसते ना? हिरव्या पानांत एखादंच पांढरंशुभ्र पान, त्याच्याशी केशरी फूल. ही रांग राईतून चालत आली, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. पालखीच्या मानावरून भांडण झालं आणि वरच्या गावाने आमची वाडी वाळीत टाकली. राईत पाऊल टाकायची बंदी. नेमकी त्याच साली साळू म्हातारीची सून मैना नवी नवरी होती. नव्या सुनेने सूप भरून गौर ओवसायची, म्हणजे ते सूप गौरीपुढे धरून तिला ओवाळायचं, आणि त्या सुपात राईतल्या शेरवडीचं फूल हवंच. ओवशावाचून ही सून कसली, असं बायका तोंडावर म्हणायच्या. मैना रडून रडून अर्धी झाली.

साळूने राईतल्या देवाच्या गुरवाचे पाय धरले. गुरव म्हणाला, "राईतली काडीही तोडून न्यायची नाही. झाड आपल्या पायांनी तुझ्या दारी आलं, तर खुशाल घे फूल!"

म्हातारी वस्ताद! "शब्द दिलास हो," म्हणाली.

एक फांदी गडग्याबाहेर लवली होती. साळूने ती जमिनीला टेकवली, खालून साल जराशी खरवडली, वर पालापाचोळ्याची माती लोटली आणि धोंडा ठेवला. पावसाळा सरेतो फांदीने मुळं धरली. पुढच्या पावसात तिचा नवा फुटवा आणखी खाली वाकवला. तोडलं काहीच नाही. शेरवडीला ओल लागते, सावली लागते. म्हणून उन्हाळ्यात सासू-सुना हंडे वाहायच्या, वर झावळ्या घालायच्या. काय ती जिद्द! मी नुसता वर चढलो तरी धापा टाकतो.

साळू अर्ध्या वाटेतच वारली. मैना एकटी धोंडे ठेवत राहिली. शेरवड दारात फुलली, तेव्हा म्हणे तिच्या डोक्यात काळा केस उरला नव्हता.

थकलेला गुरव काठी टेकत खाली आला. खजील झाला होता बिचारा. "मैनाबाई, आता या वयात कशाला ओवसा?"

"कशाला म्हणजे? नवी सून आहे मी!"

गुरवाने स्वतःच्या हाताने फूल खुडून तिच्या सुपात ठेवलं. मैनेने गौर ओवसली, मग तिच्यामागून वाडीतल्या साऱ्या सुनांनी.

आजही आमच्याकडे गौरीपुढे पहिलं सूप सर्वांत म्हातारी सून धरते. कालच्या नवऱ्या मुली तिच्या मागे उभ्या राहतात. आणि त्या दिवशी सारी वाडी त्या म्हातारीला 'नवी सून' म्हणूनच हाक मारते.