आरशासारखी पाटी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. बाळगोपाळांनो, ऐका, आणि मागे बसून डुलक्या घेणारी थोर मंडळी, तुम्हीही ऐका, कारण गोष्ट तुमच्याच वयाच्या माणसाची आहे.

त्या राज्यात पाट्या रंगवणारा एक रंगारी होता. अक्षर काढावं तर त्यानंच! त्याची बायको सगुणा मात्र कुणाला ठाऊक नव्हती. ती पाट्या घासायची. आधी रिठ्याच्या पाण्यानं पत्र्याचा तेलकटपणा काढायचा, मग विटेच्या चुऱ्यानं तो खरबरीत करायचा, मग त्यावर अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, एक हात फिरवायचा, आणि तो वाळला की मग नवऱ्यानं अक्षरं काढायची. सासूनं शिकवलेली ही रीत. बोटं सोलवटायची, पण सगुणाची तक्रार नसायची. पाटी लागली की लोक म्हणायचे, "वा, काय अक्षर आहे!" घासणं कोण बघतंय?

घाटातल्या फाट्यावर लाकडी पाटी टिकेना, वाळवी लागायची. एक वाट गावाकडे यायची, दुसरी थेट दलदलीत जायची. म्हणून राजानं नव्या तऱ्हेची फळी पाठवली. दोन पातळ, रुपेरी पत्रे आणि मध्ये घट्ट भर. हलकी, न गंजणारी, न वाकणारी. आणि चकचकीत किती! रंगाऱ्यानं ती उचलली, तर आत त्याचाच चेहरा. अहाहा, गडी खूश झाला.

सगुणा विटेचा चुरा घेऊन आली.

"अगं, वेडी की काय तू?" तो ओरडला. "आरसा कुणी घासतं का?"

"अहो, तुकतुकीत पत्र्यावर रंग बसतो, पण धरत नाही. सासूबाई सांगायच्या..."

"तुझ्या सासूबाईंनी असला पत्रा बघितला होता का कधी? ओरखडे पाडून शोभा घालवायची नाहीये मला."

त्यानं तसाच रंग लावला. लालभडक अक्षरं चकाकणाऱ्या पाटीवर अशी काही उठून दिसली, की राजानं त्याला शेला दिला. दूर दिलेल्या लेकीला, जाईला, त्यानं कौतुकानं निरोप धाडला, "बाळंतपणाला येशील तेव्हा फाट्यावर माझी पाटी दिसेल. ती सांगेल तिकडे गाडी वळवा."

उन्हाळा तापला, पाऊस कोसळला. एक दिवस रंगाऱ्याच्या वळचणीला साळुंकी घरटं बांधू लागली. तिच्या चोचीत लाल पापुद्रा होता.

"कुठून आणलास गं हा?" त्यानं विचारलं.

"घाटातून," साळुंकी म्हणाली. "तिथल्या पाटीला नुसती चोच लावली की पापुद्रे निघतात. आणखी पुष्कळ आहेत."

आपला रंग तो ओळखणार नाही? त्याच पावली जाऊन पाटी उतरवायला हवी होती. पण उतरवली तर लोक विचारतील. राजाला कळेल. सगुणा काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि तेच त्याला नको होतं. 'दसरा होऊ दे,' तो मनाशी म्हणाला. 'जाई यायला अजून अवकाश आहे. तोवर गुपचूप रंगवून येईन.' आणि मूग गिळून बसला. साळुंकीचं घरटं मात्र रोज जास्त लाल होत गेलं.

दसऱ्याआधीच एका सकाळी जावई दारात उभा राहिला. एकटाच. गळ्यापर्यंत चिखल.

"जाई कुठंय?" सगुणानं विचारलं.

"मामी, तिचा जीव घाबरा झाला, म्हणून लवकर निघालो," तो कसाबसा म्हणाला. "धुकं होतं. ती म्हणत होती, बाबांची पाटी येईल, ती बघून वळा." मग तो रंगाऱ्याकडे वळला. "मामा, पाटीवर काही नव्हतंच हो. नुसती चमकत होती. तिच्यात वाट दिसली, मला वाटलं रस्ता तिकडेच जातोय. बैल रुतले, गाडी दलदलीत गेली. मला तिचा हातसुद्धा धरता आला नाही."

सगुणानं हंबरडा फोडला.

दलदलीनं काही परत दिलं नाही. फाट्यावर रंगारी पाटीसमोर उभा राहिला. तिच्यावर आता एकही अक्षर उरलं नव्हतं. होता तो फक्त त्याचा चेहरा, आणि तो त्याला बघवेना.

सगुणा पुढे झाली. रिठ्याचं पाणी, विटेचा चुरा, अस्तर, सगळं तिनं रीतीनं केलं. बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. मग तिनं कुंचला नवऱ्यापुढे धरला.

"लिहा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची लेक तरी नीट घरी जाऊ दे."

त्यानं कुंचला घेतला, पण एक रेघ सरळ येईना. त्यानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. सगुणाला लिहिता येत नव्हतं. शेवटी गावकऱ्यांनी शेजारी जुनी लाकडी पाटी रोवली. रंगारी पुढे पुष्कळ जगला, पण त्याच्या हातून परत कधी अक्षर उमटलं नाही. तयार केलेली ती पाटी तशीच कोरी राहिली.

तात्पर्य: कुणाला न दिसणारी मेहनत जो टाळतो आणि चूक कळूनही लाजेपोटी झाकतो, तो आपल्याच माणसांची घरची वाट पुसून टाकतो.