उसना दुभाषा

"पण का नाही?" शलाकाने विचारलं.

आण्णा डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते.

"कारण सांगा, आण्णा. नुसतं नको म्हणू नका."

"नको," आण्णा म्हणाले.

तवनाप्पा चौगुले, म्हणजे आमचे आण्णा, हे कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. तपासणीच्या खोलीतल्या त्यांच्या कोपऱ्याला लोक चेष्टेने मठ म्हणत. पुण्याहून आलेली शलाका दामले ही त्या मठाची एकुलती एक शिष्या, आणि शिष्या हा शब्द तिला अजिबात मान्य नव्हता.

मी पलीकडच्या टेबलावर वायरी जोडत होतो. कान इकडेच होते.

टेबलावर एक वॉर्मर होता. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं, आमच्याच कंपनीचं यंत्र. तालुक्याच्या एका दवाखान्यात तो एका सकाळी आपोआप गार पडला. बाळ वाचलं. पण ड्युटीवरच्या एस्तेर सिस्टरना घरी बसवलं. त्यांनीच हाताने बटण बंद केलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी बटणाला हात लावला नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. पण ऐकतो कोण?

तोच वॉर्मर आमच्याकडे आला. आठवडेच्या आठवडे चालवला, काही होईना. आणि त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, तो पुन्हा गार पडला. नेमक्या त्याच क्षणी 'उकल'ने त्याला पकडलं.

उकल म्हणजे आण्णांनी लिहिलेला डीबगर. दुसऱ्या प्रोग्रॅमला चालता चालता थांबवायचं आणि त्याच्या पोटात डोकावायचं, हे त्याचं काम. वॉर्मरच्या पोटातला प्रोग्रॅम आता चुकीच्या क्षणी थिजून उभा होता. सिस्टरचा एवढा एकच साक्षीदार. वीज गेली, कुणी चुकीची कळ दाबली, की तो गेला. पुन्हा कधी सापडेल याचा नेम नव्हता.

आता त्याला विचारायचं कसं, यावरून हे भांडण.

उकलला दोन दुभाषे होते. एक माणसांचा. आपण साधा हुकूम टाइप करायचा, तो वाचता येईल असं उत्तर देतो. दुसरा पडद्याचा. पडदा म्हणजे कंपनीचा तपासणीचा प्रोग्रॅम, बटणांचा आणि रंगीत चौकोनांचा. त्याला आकड्यांची, कंसांची भाषा लागते. कंपनीचा नियम असा, की पडद्याने नोंदलं तेवढंच खरं. म्हणून त्या वेळी उकल पडद्याच्या दुभाष्यावर चालू होता.

आणि पडद्यावर हवं ते बटणच नव्हतं.

"मला 'माग' हा हुकूम द्यायचाय," शलाका म्हणाली. "हीटर बंद करण्याची आज्ञा कुठून आली, ते फक्त माग सांगतो. आणि माग फक्त माणसांच्या दुभाष्याला कळतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी दुभाषा बदलते. माझा 'बदल' हुकूम तयार आहे. पडद्याचा दुभाषा उठेल, माणसांचा बसेल. मग हवं ते विचारू."

"नको."

"का?"

आण्णांनी डोळे उघडले.

"बंगळूरच्या परिषदेत दाखवलास न्हवं हा हुकूम?"

"दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या माणसांनी वाजवल्या?"

"मग कोण वाजवणार?"

"पडदा होता का तिथं?"

शलाका थांबली. "नाही. तिथे फक्त मी आणि उकल."

"हं," आण्णा म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

मला हसू आलं. ते मी वायरीत लपवलं.

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, की पडद्याला माणसांची भाषा कळणार नाही," शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "उकल मेला असं समजून तो टेबलावरची सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू करेल. साक्षीदार जाईल. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग ही चूक पडद्याची आहे, माझी नाही."

"पडद्याचीच."

"तो बहिरा आहे म्हणून मी मुकं राहायचं?"

"कोण म्हणतं मुकी राहा? उसना घे की."

आता 'उसना' हाही आण्णांचाच जुना हुकूम. तो पुढे लावून दुसऱ्या दुभाष्याचा एखादाच हुकूम द्यायचा. उत्तर आलं, की आपण जिथे होतो तिथेच. शलाकाला त्याची चीड होती. नवीन आली तेव्हाच तिने त्याला कुबडी म्हटलं होतं, तेही आण्णांसमोर.

"एकेका वाक्यासाठी उसनवारी मी करणार नाही," ती म्हणाली. "ज्याला आपली भाषा आहे त्याने ती ताठ बोलावी. सारखं सारखं परत कशाला यायचं? आणि दरवेळी मीच का? पडद्याने का नाही?"

तिचं खोटं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिचंच पटत होतं.



शलाकाने की-बोर्ड ओढला. पडद्याच्या तळाशी हुकूम लिहायची बारीकशी पट्टी होती, तिच्यात 'बदल' असं लिहिलं. बोट एंटरवर ठेवलं.

"दाबू?"

"दाब."

"तुमची परवानगी आहे?"

"न्हाई."

"मग दाब का म्हणता?"

"बोट तुझं हाय."

आण्णांनी आपली खुर्ची मागे सरकवली, हात मांडीवर ठेवले.

  म्हातारा असा कसा, असं मनात आलं. एका बाईची नोकरी त्या एंटरवर होती, आणि हा हात मांडीवर ठेवून बसलाय.

तेवढ्यात बसव्वा आली. ती निपाणीकडची, आमच्या मजल्यावर चहा द्यायची. तिने दारातूनच आण्णांना कानडीत काहीतरी विचारलं. आण्णांनी मान वळवून कानडीत एक वाक्य सांगितलं. बसव्वाने दोन कप ठेवले आणि गेली.

"हं, बोल," आण्णा शलाकाला म्हणाले.

"मी काही बोलत नव्हते."

"आता मी काय केलं?"

"चहा मागितलात."

"कुठल्या भाषेत?"

"कानडीत."

"तू उठून गेलीस का?"

शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी का जाईन? तुम्ही लगेच परत..."

ती थांबली.

बोट एंटरवरच होतं.

"आणि परत नसतो आलो तर?" आण्णांनी विचारलं. "तुझ्याशी कानडीतच बोलत बसलो असतो तर?"

"मी समजून घेतलं असतं. म्हातारपण आलं म्हटलं असतं."

"तू घेतलं असतंस," आण्णा म्हणाले. "तू माणूस हायस."



"हे मला पटलेलं नाही," शलाका म्हणाली.

"पटू नको दे."

"पडदा सुधारायला हवा. मी तो सुधारणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी."

"सुधार की. मी कुठं धरलंय?"

"बदल हुकूमही राहणार."

"राहू दे."

"आणि उसना ही कुबडीच आहे."

"हाय."

हे सगळं बोलता बोलता तिने 'बदल' पुसलं होतं. अक्षर अक्षर पुसत होती, आणि चेहरा असा, की जणू आण्णांचा कान पिळतेय. मग तिने त्याच पट्टीत लिहिलं, 'उसना माग हीटर', आणि एंटर दाबलं.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या ओळी आल्या. पडद्याला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. पण त्याच्याच दुभाष्याने आणून दिलेल्या त्या ओळी, म्हणून त्याने त्या गुमान आपल्या नोंदीत उतरवून घेतल्या. रंगीत चौकोन जागच्या जागी. साक्षीदार उभाच.

शलाकाने वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"आज्ञा आली घड्याळाच्या तपासणीकडून. बटणाकडून आज्ञा नाही."

मी वायरी टाकून उठलो.

झालं होतं ते असं. वीज जाऊन जनरेटर सुरू झाला, की वॉर्मरचं घड्याळ कधीकधी मागे पडत होतं; त्या दिवशी आमच्याकडेही वीज जाऊन तेच झालं होतं. मग प्रोग्रॅमला वाटायचं, तापमानाचा आकडा भलत्याच वेळचा आहे, त्यावर विश्वास नको. आणि तो स्वतःच हीटर बंद करायचा. एस्तेर सिस्टर खरं बोलत होत्या. पहिल्या दिवसापासून.

मला इतका आनंद झाला, की आण्णांचा चहा मीच पिऊन टाकला.

तेवढ्यात सावर्डेकर आले. ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मला हा माणूस तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही. हातात छापलेला अहवाल होता, निष्कर्षासकट. उपकरण निर्दोष, हाताळणीतील चूक. खाली शलाकाच्या सहीची जागा.

"मॅडम, सही करून टाका. वरून सारखे फोन येतायत."

"अहवाल चुकीचा आहे, सर. चूक मशीनची आहे."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

सावर्डेकरांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"हे काय वाकडंतिकडं? हे आपल्या सिस्टिमच्या फॉरमॅटमध्ये नाही. नोंद नाही ती खरी नाही, तुम्हाला माहितीये."

"नोंद आहे. पडद्यानेच घेतलीय. वेळेसकट."

सावर्डेकर वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचं तोंड उतरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मशीनची चूक निघाली, तर विकलेला प्रत्येक वॉर्मर परत बोलवावा लागणार होता.

ते सरळ उभे राहिले. आवाज गोड झाला.

"हे बघा, शलाका. सत्य एकच असतं, सांगायच्या पद्धती बऱ्याच असतात. 'विशिष्ट परिस्थितीत वेगळं वर्तन' असं लिहू. वरच्या लोकांना कळेल अशा भाषेत. सिस्टरचं नंतर बघू."

"वरच्या लोकांच्या भाषेत एकदा सांगते," शलाका म्हणाली. "डिव्हाइस फॉल्ट. रिकॉल ऑल युनिट्स. हे लिहा, मी आत्ता सही करते."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग आपल्या भाषेत. सिस्टरने काही केलं नाही. यंत्राने केलं. आपण केलं. तुमच्या कागदावर मी सही करणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही. मला काढून टाका. पण पडद्याने नोंदलेलं पुसता येत नाही, सर. नियम तुमचाच आहे."

बोलता बोलता ती उठून उभी राहिली होती.  मला तिचा फार अभिमान वाटला.

सावर्डेकरांनी तिच्याकडे पाठ केली. आता ते आण्णांशी बोलू लागले.

"आण्णा, पुढच्या महिन्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय."

"होय, साहेब."

"रिन्यूअलचा कागद माझ्याकडेच येतो."

"होय की."

"मग ही मुलगी काय बोलतेय, मला तर काही कळत नाही. माग काय, उसना काय. तुम्ही जाणते आहात. तुम्ही मला सांगा. साध्या भाषेत सांगा."

आण्णा उठले. रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग सावर्डेकरांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

खूप वेळ त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिले...

सावर्डेकरांनी नजर खाली घेतली.

"न कळलेल्या माणसाला कुठल्याही भाषेत सांगता येतं, साहेब," आण्णा म्हणाले. "कळलेल्याला कुठल्या भाषेत सांगू?"