जांभळीवरचा नियम

फार पूर्वी नदीकाठच्या जांभळीवर एक नियम होता: एका फांदीवर एकच घरटं. गाभण खार आली, तेव्हा एकही फांदी रिकामी नव्हती.

"माळावर जा," म्हातारा होला म्हणाला.

"तिथं झाडच नाही, काका. हा नियम केलात तरी का?"

"दोन घरट्यांच्या भाराने फांदी मोडली होती. माझी पिल्लं गेली."

खार जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "ती फांदी बारीक होती का?"

होल्याने आपल्या पायाखालची जाडजूड फांदी प्रथमच नीट पाहिली. नियम बदलला: फांदीला जेवढी पेलतील, तेवढी घरटी.

पुढच्याच आठवड्यात साप चढला. खारीने चिरकून सगळ्यांना उठवलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला हुसकावलं.

"या फांदीवर अजून एक मावेल," होला म्हणाला.