उकळत्या दुधाचं पातेलं

नातू सुखरूप जन्मला तर त्याला गडावरच्या देवीच्या पायांवर घालीन, असा नवस शशिकला बोलली होती. तो फेडायच्या दिवशी जीपची किल्ली घेऊन निघाले थोरले दीर गुलाबराव, तेही सकाळीच पिऊन. त्यांना उलट बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

"दादा, घाटाचा रस्ता आहे. आज माझा मुलगा दिगंबर चालवेल," शशिकला म्हणाली.

"का? माझी जीभ अडखळतेय की पाय लटपटतायत? वर्षानुवर्षांची सवय आहे, मला चढत नाही."

शशिकलेनं चुलीवरचं उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"घ्या घोटभर."

"अगं, तोंड पोळेल."

"माझी बोटं नाही पोळली."

"तुझे हात निबर झालेत. दूध कुठं निवलंय?"

"तेच म्हणते, दादा. सवय तुमच्या अंगाला झालीय. रक्तातली दारू जेवढी प्यालात तेवढीच आहे, आणि मागं तान्हं बाळ बसणार आहे."

गुलाबरावांनी किल्ली दिगंबरच्या हातावर ठेवली.

बायांनो, तुमच्याही घरात कुणी "मला चढत नाही" म्हणून गाडीकडे निघालं, तर देवीचं नाव घ्या आणि वाट अडवून उभ्या राहा.