हिरव्या दिव्यांची भिंत

एका शहरात विश्राम नावाचा एक माणूस दिवे बघायच्या नोकरीला होता. दिवे लावायच्या नाही हं, नुसते बघायच्या. त्यानं काय दिवे लावले ते पुढं कळेलच.

त्याच्या कंपनीची तऱ्हा न्यारी होती. कामाला माणसं गावोगावची, आपापल्या घरी बसलेली. आणि त्यांचे कॉम्प्युटर? ते ढगात! वर बघू नका, मान अवघडेल. ढगात म्हणजे लांब कुठंतरी, एका थंडगार इमारतीत, कपाटात कोंबलेले. घरी नुसता पडदा आणि बटणं. इथं बोट दाबायचं, तिकडं कॉम्प्युटरनं काम करायचं, आणि झालेलं काम परत इथं पडद्यावर दिसायचं. विहीर दुसऱ्याच्या वावरात आणि दोर आपल्या हातात, असा कारभार. दोर धड तर पाणी, नाहीतर कोरडी घागर.

हा दोर म्हणजे नेटची लाइन. ती कुणाकडं कशी चाललीय ते बघायचं विश्रामनं. त्याच्यासमोर भिंतभर पडदा, आणि त्यावर घरटी एक दिवा. लाइन झकास तर हिरवा, अडखळली तर पिवळा, तुटली तर लाल. पिवळा दिसला की फोन करायचा, विचारपूस करायची, लाइनवाल्याला धाडायचं. माणूस वाईट नव्हता हो. डबा खाताना पण त्याचा एक डोळा भिंतीवर असायचा. भाजी कसली होती ते सुद्धा त्याला नंतर आठवायचं नाही.

दसरा आला. आपण कोयता पुजतो, शिवणयंत्र पुजतो, गाडीला हार घालतो. त्या ऑफिसात दिव्यांची भिंत पुजायचे. आदल्या दिवशी साहेब बघायला आले, तर भिंतीत जागोजागी पिवळे दिवे.

साहेबांनी नाक मुरडलं. "विश्राम, उद्या पूजेला मोठे साहेब येणार. सणासुदीला भिंतीला कावीळ नको."

आता एका दिवसात एवढ्या लाइनी कोण दुरुस्त करणार? पण विश्रामच्या हातात एक खूण होती. लाइनीला किती उशीर झाला म्हणजे दिवा पिवळा व्हायचा, ती खूण. त्यानं ती गुपचूप पुढं सरकवली. झालं! भिंत हिरवीगार, शेवाळ धरल्यासारखी. मोठे साहेब खूश. विश्रामच्या अंगावर शाल पडली.

सण झाला की खूण जागेवर आणू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण फोन करणं थांबलं, धावपळ थांबली, डबा गरम गरम खाता यायला लागला. भाजीची चव कळायला लागली. मग सुखाला लाथ कोण मारतो? खूण राहिली तिथंच.

तिकडं डोंगराआड कोंडवाडीत मंदा नावाची पोरगी त्याच कंपनीचं काम करायची. लांबच्या दवाखान्यांत कुठल्या पेशंटनं कोणत्या तारखेला यायचं, ते ती घरी बसून लिहायची. घरात तिचे वडील, तात्या. जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आता अर्धांगानं खाटेवर. एक हात तेवढा हलायचा, पण जीभ दोन माणसांइतकी चालायची. ही घरबसल्याची नोकरी होती म्हणून बापलेक एका छपराखाली होती. पेज भरवायची, तोंड पुसायचं, आणि परत बटणांवर बसायचं. दसऱ्याला मंदानं पण आपला पडदा पुसला, कुंकू लावलं, झेंडूचं फूल चिकटवलं.

दिवाळी सरली आणि डोंगरावरच्या टॉवरला काय झालं देव जाणे. मंदानं बोट दाबावं, तर अक्षर उमटेना. परत दाबावं, तर दोन्ही एकदम. एक तारखेची अकरा तारीख व्हायला लागली. कुणी म्हातारा पेशंट दहा दिवस उशिरा पोचला, दवाखान्यानं कंपनीकडं बोंब मारली.

मंदानं फोन लावला. "भाऊ, लाइन अडखळतीय हो माझी."

विश्रामनं भिंतीकडं बघितलं. कोंडवाडीचा दिवा हिरवा. "ताई, इथं दिवा हिरवा आहे, लाइनीला काही धाड भरली नाही. बोटांना जरा तेल लावा!"

शेजारचे खो खो हसले. विश्रामला बरं वाटलं. चारचौघांत हसवता आलं की कुणाला बरं वाटत नाही?

तिनं परत फोन केला. परत तेच तेल, परत तेच हसणं. तिसऱ्यांदा तिनं केला नाही. दोनदा चेष्टा झाली की माणूस तोंड मिटून घेतो.

मग एक दिवस साहेब विश्रामच्या मागं येऊन उभे राहिले. "ती कोंडवाडीची बाई फार चुका करतीय. काढून टाकतोय तिला. लाइन ठीक आहे ना तिची?"

विश्रामला खूण आठवली. जीभ उचलून सांगायला एक श्वास पुरला असता. पण शालही आठवली. त्यानं भिंतीकडं बोट केलं.

"हिरवा आहे की, साहेब."

आणि बघा, खोटं काहीच बोलला नाही. दिवा हिरवाच होता.

काढलेल्या माणसाकडनं कंपनीचं सामान परत आणायचं, अशी रीत होती. ते आणायला जाणारा माणूस रजेवर होता, म्हणून विश्रामला धाडलं. येतोय म्हणून फोन करून तो कोंडवाडीत पोचला तेव्हा ओटीवर बोचकी बांधलेली. खाटेवर तात्या.

"कोण, दिवेवाले का?" तात्या म्हणाले. "या. तेलाची बाटली आणलीत ना?"

विश्रामला वर बघवेना. तो आत गेला. पडद्याच्या कडेला वाळलेलं झेंडूचं फूल अजून चिकटलेलं होतं. सामान चालतंय का ते बघून न्यायचं, म्हणून त्यानं स्वतःच्या नावानं उघडलं आणि पहिलं अक्षर दाबलं. काही नाही. परत दाबलं.

"थांबा, भाऊ," मंदा म्हणाली. "एक श्वास सोडा. लांब जाऊन यायचंय त्याला. घाई केली की दोनदा उमटतं."

तेवढ्यात दोन्ही अक्षरं टचकन उमटली. आणि भिंतीवर याच घराचा दिवा हिरवा होता. विश्राम खुणेचं, शालीचं, सगळं सांगून मोकळा झाला.

तात्या खाटेवरनं म्हणाले, "म्हणजे ताप मोजायच्या काडीवरची रेघ सरकवलीस. मग ताप कुठं गेला रे बाबा?"

मंदानं वायर गुंडाळता गुंडाळता उत्तर दिलं. "माझ्या अंगात राहिला, तात्या."

"मी आजच साहेबांना सांगतो, ताई. तुमचं काम परत..."

"सांगा. पण आत्या आलीये तात्यांना न्यायला. मला शहरात एका घरी स्वयंपाकाचं काम मिळालंय. राहून करायचं आहे. आजारी बाप बरोबर ठेवून घेत नाहीत हो तिथं."

विश्राम परतला. खूण जागेवर आणली. भिंत हळदीसारखी पिवळी झाली. साहेबांनी त्याला उभा-आडवा घेतला, शालीचा उद्धार केला. पण माणसं धावली, टॉवर दुरुस्त झाला, कोंडवाडीची लाइन झऱ्यासारखी वाहायला लागली. राहिली मंदा. तिच्या जागी दुसरी लागली होती. "झालं गेलं गंगेला मिळालं," साहेब म्हणाले. विश्राम त्यांच्या मागं लागला, रोज केबिनबाहेर उभा राहिला, मोठ्या साहेबांच्या गाडीपुढं हात जोडले. शिमगा होऊन गेल्यावर साहेब एकदाचे हो म्हणाले.

त्यानं उड्या मारत फोन लावला. "ताई, काम परत मिळालं! घरी बसून करा पहिल्यासारखं."

पलीकडं गप्प. विश्रामला वाटलं, लाइन अडखळली. पण लाइन चांगली होती.

"कुणासाठी बसू घरी, भाऊ?" मंदा म्हणाली. "तात्या गेले. आत्याकडं असतानाच. मंदे, पेज आण, म्हणत होते म्हणे शेवटी. मी नव्हते."

पुढच्या दसऱ्याला भिंत पुजली, पिवळ्या दिव्यांसकट. कोंडवाडीतला मंदाच्या घरचा दिवा तेवढा विझलेला होता. विश्रामनं पहिलं फूल त्यालाच वाहिलं. फुलानं काय होतंय म्हणा.

तात्पर्य: रेघ सरकवली म्हणून ताप उतरत नाही. कुणी 'दुखतंय' म्हणालं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावावा, मग आपल्या दिव्याकडं बघावं. उशिरा खरं बोलून चूक सुधारते, गेलेली वेळ सुधारत नाही.